परदेशी जाताना औषधांची बांधाबांध
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंच्या आग्रहामुळे मी आज उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा कोणते औषध कशावर घ्यावे हे मी सांगणार नाही, ते डॉक्टरांचे काम. मी सांगणार ती फक्त बांधाबांध. आपल्या सिंदी मेघेतूनही हल्ली कोणी मुलाकडे दुबईला जाते, कोणी लेकीकडे अमेरिकेला. माझ्या सासूबाई गेल्या वर्षी नणंदेकडे न्यू जर्सीला गेल्या. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब. त्यांची पिशवी मी भरली.

आपल्या घरी गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरण्याची चाल आहे. घरात ते सोयीचे खरे. पण परक्या देशातल्या जकातीच्या माणसाला पांढरी गोळी ही नुसती पांढरी गोळी. म्हणून औषध आपल्या मूळ पाकिटातच असावे. गोळी कापताना नाव आणि तारखेची बाजू शाबूत ठेवावी. सोबत दुकानाचे बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्हींवर प्रवाशाचे नाव पासपोर्टात असेल तसेच.

चिठ्ठी वाचता येईल अशी मागायला लाजू नये. औषधाचे मूळ नाव स्वच्छ, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम वैद्यक परिषदेने २०१६ सालीच केला आहे. मूळ नाव अशासाठी की, आपल्या दुकानातले नाव तिकडे कोणाला ठाऊक नसते. आपली क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. अमेरिकेत त्यालाच अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल होते. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे! काही औषधांना तर तिकडे थाराच नाही. गुडघेदुखीवर आपण सर्रास घेतो ती निमेसुलाइड अमेरिकेत मंजूर नाही. सासूबाईंची ती गोळी डॉक्टरांना विचारून आधीच बदलून घेतली.

इन्सुलिनचे मात्र नीट ऐका. ते मोठ्या पेटीत टाकून विमानाच्या पोटात पाठवू नये. तिथे ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामीच. शिवाय पेटी हरवली तर माणूस औषधावाचून राहतो. ते हातातल्या पिशवीत ठेवावे. आपल्याकडच्या मे महिन्यात नागपूरच्या विमानतळापर्यंत मोटारीत नेतानाही सांभाळावे लागते. बर्फाची पिशवी जवळ असावी, पण बाटलीला चिकटून नको. मध्ये टॉवेलची घडी घालावी. सुया आणि इन्सुलिन यांचा उल्लेख चिठ्ठीत हवाच.

आता जरा कडू बोलते. सासूबाई निघणार हे कळताच दोघीतिघींनी आपापल्या मुलांसाठी गोळ्यांच्या पुड्या आणून दिल्या. मी त्या परत केल्या. एकीने आठ दिवस अबोला धरला. पण २०१७ साली इजिप्तमध्ये एका इंग्रज बाईजवळ ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाच्या २९० गोळ्या सापडल्या. जोडीदाराच्या पाठदुखीसाठी आणल्या असे ती सांगत होती, तरी तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडेही २०१८ पासून ते औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे. साठीपुढच्या बाईला परक्या भाषेत उत्तरे द्यायला उभे करण्यापेक्षा अबोला पत्करला.

दुबईला जाणारणींनी कोडीन असलेले खोकल्याचे औषध परवानगीवाचून नेऊ नये. तिथली सरकारी परवानगी संगणकावरून आधी मागवता येते. आणि फराळाच्या डब्यात अनारसे नकोत. त्यांवरची खसखस तिथे आणि सिंगापुरातही बंदीची वस्तू आहे. आपल्याला हसू येते, पण खसखस अफूच्याच बोंडातली.

अमेरिकेत साधारण नव्वद दिवसांपुरतेच औषध न्यावे असे आहे. नणंदेची इच्छा सासूबाईंनी सहा महिने राहावे अशी होती. तिथल्या डॉक्टरची फी आणि औषधाचा भाव तिने सांगितला, तेव्हा सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "मी तीन महिन्यांनी परत येते." नणंद फोनवर रडली. तिकीट मात्र तीन महिन्यांचेच काढले.

औषधाचे नाव, मूळ नाव, मात्रा, वेळ आणि किती गोळ्या नेल्या, अशी यादी मी वहीत केली आहे. तिच्या दोन प्रती हव्यात, एक पिशवीत आणि एक घरी. ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडून उतरून घ्यावा.