घरगुती चलच्चित्र : कांहीं अनुभवाच्या गोष्टी



चलच्चित्र म्हणजे हालणारें चित्र, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. खरें पाहतां कॅमेरा हालणारें चित्र कधीं घेतच नाहीं. तो स्थिर चित्रें एकामागून एक घेतो, आणि तीं वेगानें डोळ्यांपुढून गेलीं म्हणजे आपणांस हालचालीचा भास होतो. बोलपटांत सेकंदास चोवीस चित्रें असतात, आपल्याकडील दूरदर्शनवर पंचवीस. एवढें ध्यानांत ठेवलें कीं पुढच्या बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात.

दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं ही गोष्ट एका कुंडींत दाखवून दिली. लंडनला त्यांनीं कॅमेरा विकत घेतला होता, पण चित्रपटास पैसा लावण्यास कोणी धजत नव्हतें. त्यांनीं कुंडींत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभर रोपाचीं चित्रें घेतलीं. ‘अंकुराची वाढ’ हा मिनिटाभराचा चित्रपट पाहून कर्ज देणाऱ्याची खात्री पटली. आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. फिल्मच्या कडेस भोकें पाडणें, ती धुणें हीं कामें सरस्वतीबाई फाळके करीत. शिवाय भर उन्हांत पांढरी चादर धरून त्या नटांच्या चेहऱ्यावर उजेड पाडीत. ही चादरीची युक्ति मी पुढें पुन्हा सांगणार आहें.

आतां फाळक्यांना लाभलेलें यंत्र आपल्या प्रत्येकाच्या खिशांत आहे; धीर मात्र खिशांत नाहीं. आमच्या मोहोळांत लग्न, मुंज, नागनाथाची यात्रा, कशाचेंही चित्रण तासन्‌तास होतें आणि पुन्हा कोणी पाहत नाहीं. याचा तोटा केव्हां कळतो तें सांगतों. आमच्या आळींतील एका घरीं आजीबाई जात्यावरच्या ओव्या फार सुरेख म्हणत. नातवानें मोबाईलवर तीन तास चित्रण केलें. पुढें आजीबाई वारल्या. वर्षश्राद्धाला मंडळी ओव्या ऐकावयास बसलीं, तों ऐकूं आला डोक्यावरचा पंखा! आजीबाईंचे ओठ हालत होते, शब्द एकही लागत नव्हता. त्या ओव्या त्यांच्या मुलींनाही पुऱ्या येत नव्हत्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं अनेक वर्षें खेडोपाडीं हिंडून महाराष्ट्रांतील एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, म्हणून तेवढ्या तरी राहिल्या. पण आपल्या घरची ओवी त्यांत असेलच असें नाहीं. ती ज्याची त्यानेंच राखली पाहिजे.

म्हणून पहिलें लक्ष आवाजाकडे द्यावें, चित्राकडे मागाहून. चित्र थोडें अंधुक असलें तर माणूस सोसतो. शब्द न लागल्यास दोन मिनिटांत उठून जातो. पंखा बंद, फ्रीज बंद, खिडकी रस्त्याकडे असल्यास तीही बंद. मोबाईल विमानाच्या खुणेवर ठेवावा, नाहींतर ऐन रंगांत जांवईबापूंचा फोन येतो. कॉलरला लावावयाचा लहान माइक मिळाला तर उत्तमच. तो नसेल तर दुसरा मोबाईल ध्वनिमुद्रणास लावून बोलणाऱ्याच्या हातभर अंतरावर पदराआड किंवा उशीआड ठेवावा. दोन्ही यंत्रें चालूं झालीं कीं समोर उभें राहून एक मोठी टाळी वाजवावी. पुढें आवाज व चित्र जुळवितांना हात जेथें मिळाले आणि टाळी जेथें वाजली, तीं दोन ठिकाणें एकाखालीं एक आणलीं कीं काम झालें. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. सर्वांनीं गप्प बसून त्या खोलीची अर्ध्या मिनिटाची शांतता टिपून ठेवावी. शांततेलाही आवाज असतो, आणि प्रत्येक खोलीचा निराळा. तुकडे जोडतांना मध्यें पडणाऱ्या फटी याच शांततेनें बुजवावयाच्या असतात. कोरी ठेवलेली फट कानाला खड्ड्यासारखी लागते.

जात्याची घरघर मात्र थांबवूं नये, ती ओवीचीच आहे. एकदां जात्यासकट आणि एकदां जातें थांबवून, अशा दोन वेळां ओव्या म्हणवून घ्याव्या.

उजेडासाठीं वृद्ध माणसास खिडकीच्या बाजूला, खिडकीकडे अर्धें तोंड करून बसवावें. पाठीमागें खिडकी आली कीं चेहरा काळा पडतो. दुसऱ्या गालावर अंधार फार वाटला तर धुतलेलें पांढरें धोतर दोघांनीं धरावें. सरस्वतीबाईंची चादर ती हीच. मोबाईल हातांत धरूं नये. तिकाटणें नसल्यास किलोभर ज्वारीची सैल पिशवी स्टुलावर ठेवून तींत मोबाईल रुतवावा. तो हालत नाहीं. मोठ्या पडद्यावर दाखवावयाचें असल्यास तो आडवा धरावा.

आधीं कागदावर सात-आठ चित्रें लिहून काढावीं : घराचें दार, आजी जात्याशीं बसलेली, नुसता चेहरा, खुंटा धरलेला हात, पाळूभोंवतीं पडणारें पीठ, ऐकत बसलेली नात. प्रत्येक चित्र निदान दहा सेकंद न हालवितां घ्यावें. मोबाईल डावीकडून उजवीकडे फिरवीत राहण्याची जी हौस असते ती पाहणाराचें डोकें दुखविते. हात, पीठ, नात हीं चित्रें जास्तच घ्यावीं. तीं पुढें ठिगळाला लागतात. मुख्य चित्रांत जेथें कापाल तेथें उडी दिसते, आणि त्या उडीवर हाताचें चित्र घातलें कीं ती झांकते. आवाज खालून अखंड चालूं राहतो.

मग संकलन. येथेंच खरा चित्रपट होतो. मूळ चित्रणाची प्रत काढून प्रतीवरच कात्री चालवावी. प्रथम सगळें एकदां पाहावें आणि वहींत वेळ व मजकूर टिपावा, वर्गांत हजेरी घेतों तसें. त्यांतून काय राखावयाचें तें ठरवून आधीं आवाजाची माळ लावावी. ती डोळे मिटून ऐकली असतां समजली पाहिजे. त्यावर मग चित्रें बसवावीं. जात्याच्या चित्रांत दूरचें चित्र सोडून जवळचें घ्यावयाचें असेल, तर पहिल्यांत खुंटा जेथें पोंचला तेथेंच दुसऱ्यांतही तो असावा. म्हणजे सांधा कोणास कळत नाहीं. हें मिळवून घेण्यांत अर्धा तास जातो, तो जाऊं द्यावा. एका तासाच्या चित्रणाचीं सहा-सात मिनिटें उरलीं तर काम चांगलें झालें असें समजावें.

किती कापावें यावर माझें मत थोडें निराळें आहे. खोकला कापावा, चहाचा पेला मागणें कापावें. पण आजी ओवी म्हणतांना मध्येंच थांबते, कपाळावर हात लावून आठवते आणि मग तिला पुढचा चरण सांपडतो, तें थांबणें कापूं नये. हल्लीं तरुण मंडळी अशा जागा चटकन् छाटतात आणि वर सिनेमाचें गाणें घालतात. गाण्याचा हक्क दुसऱ्याचा असतो हें एक, आणि आजीच्या आवाजावर बाजा कशाला हें दुसरें. एक चित्र गोल फिरून, फुलासारखें उमलून दुसरें येतें, तीही करामत लग्नाच्या चित्रफितीसाठीं राखावी. आमच्याच सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरचे नागराज मंजुळे यांचा २०१३ सालचा ‘फँड्री’ मुलांना दाखवा. चित्र न हालवितां किती बोलतें तें त्यांना कळेल.

अक्षरांविषयीं दोन शब्द. नांव, गांव, साल पडद्यावर घालतांना ओळींमध्यें पुरेशी जागा ठेवावी, नाहींतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. कांहीं प्रोग्रॅम जोडाक्षरें फोडून ‘क्ष’चा ‘क्‌ष’ करतात. तेथें भारतीय लिपींची सोय चालूं करावी लागते. मजकूर सावकाश दोनदां वाचून होईल इतका वेळ तो पडद्यावर राहावा.

चित्रें आणि नकाशे हालते करावयाचे असतील तर संगणक नंतर. आधीं फाळक्यांचा धडा गिरवावा. १९१५ च्या सुमारास त्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ हा चित्रपट नुसत्या काड्या हालवून केला. मुलांना ज्वारीचे दाणे द्या. दाणा किंचित् सरकवावा, चित्र घ्यावें, पुन्हा सरकवावा. सेकंदास बारा चित्रें पुरतात, म्हणजे दहा सेकंदांस एकशेंवीस. खुबी इतकीच कीं आरंभीं व शेवटीं दाणा थोडाथोडा सरकवावा आणि मध्यें जास्त. एस्. टी. स्टँडवरून सुटते आणि थांब्याशीं येते ती अशीच. संगणकावर मोहोळहून पंढरपुरास जाणारी रेघ काढतांनाही हाच नियम. तेंच ज्वारीचें रोप फाळक्यांच्या रीतीनें दाखवावयाचें असेल तर पाव तासाला एक चित्र घ्यावें. दिवसाचीं शहाण्णव, दहा दिवसांचीं नऊशें साठ, म्हणजे पडद्यावर सुमारें अडतीस सेकंद. कुंडी पडदे ओढलेल्या खोलींत एकाच दिव्याखालीं ठेवावी, नाहींतर दिवस-रात्रीच्या उजेडानें चित्र लुकलुकतें.

शेवटीं जपणुकीचें. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकीं आज पहिलें आणि चौथें एवढींच उरलीं आहेत, आणि तींही १९१७ सालच्या नव्या आवृत्तीचीं असावीं असें कांहीं अभ्यासक म्हणतात. तेव्हां न कापलेलें मूळ चित्रण आणि तयार चित्रपट, दोहोंच्या तीन प्रती ठेवाव्या : एक घरीं, एक निराळ्या डिस्कवर, एक परगांवच्या मुलाकडे. फाईलला आजीचें नांव, गांव व तारीख द्यावी. आणि दरवर्षीं दिवाळीच्या साफसफाईंत ती एकदां उघडून पाहावी. डिस्कही न सांगतां बिघडते.