रानभाजीची ओळख आणि गावाची जबाबदारी



महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी सर्वज्ञात असलेले कुणकेश्वर हे देवगड तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. मृगाचा पाऊस पडला की येथील जांभ्या दगडाचा उजाड सडा थोड्याच दिवसांत हिरवा होतो. कातळाच्या कडेला, कुंपणांलगत व बांधांवर टाकळा, कुरडू, फोडशी, तेरे उगवतात. पुढे फागलांचे वेल चढतात, भारंगी फुलते. लावणीच्या धांदलीत कोकणातील घरांना या रानभाज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आधार दिला आहे.

हे ज्ञान मुख्यतः गावातील वडीलधाऱ्या स्त्रियांपाशी आहे. आजीबरोबर सड्यावर जाता जाता नात ते शिकत असे. बाजारची भाजी दारात आली आणि ही परंपरा क्षीण झाली. म्हणूनच शाळेने वा ग्रामपंचायतीने पावसाळ्यात निसर्गफेरी काढावी आणि तिचे मार्गदर्शन अशा जाणत्या स्त्रियांकडे सोपवावे.

अर्धवट ओळख घातक

टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या साधारणतः तीन जोड्या असतात व पर्णिकेचे टोक गोलसर असते. त्याच्याच कुळातील कासिंद्याच्या पर्णिका टोकदार असतात. पश्चिम उत्तर प्रदेशातील मुलांच्या जीवघेण्या आजारामागे कासिंद्याच्या बिया असल्याचे डॉक्टरांनी २००७ साली दाखवून दिले. गणेशोत्सवात माटवीला शोभा देणाऱ्या कळलावीचा कंद पोटात गेल्यास प्राणावर बेतते. चांदीचे नाणे काळे पडले नाही म्हणजे अळंबे निर्विष, ही समजूतही सर्वस्वी चुकीची आहे.

ओळखीइतकेच महत्त्व पाककृतीला आहे. तेऱ्याच्या पानांतील सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे घशाला खाज सुटते. म्हणून ती पाने कच्ची न खाता सोलांसारखे आंबट घालून चांगली शिजवितात. भारंगीची कडू पाने उकडून पाणी टाकून देतात. फोडशीचा खालचा पांढरा भाग काढून टाकतात.

फेरीचे नियम

फेरीत कोणतीही वनस्पती चाखू नये; शंका आली तर ती तोडूच नये. तणनाशक मारलेल्या बागेतील किंवा रस्त्याकडेची भाजी घेऊ नये. कोवळे शेंडे खुडावेत, मुळे व कंद उपटू नयेत आणि काही झाडे बियांसाठी राखावीत. फागलांचे नर व मादी वेल वेगळे असतात. फळ धरत नाही म्हणून नर वेल उपटला, तर मादी वेलालाही फळे धरणार नाहीत.

कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांमुळे या भाज्यांना ग्राहक मिळू लागला आहे, ही समाधानाची बाब होय. तथापि मागणी वाढली की ओरबाडणेही वाढते. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. या नोंदवहीत प्रत्येक रानभाजीचे मालवणी नाव, हंगाम, खाण्याजोगा भाग, शिजविण्याची रीत आणि तिच्यासारखी दिसणारी विषारी वनस्पती यांची नोंद व्हावी. माहिती जाणत्या स्त्रियांनी सांगावी, विद्यार्थ्यांनी लिहावी, शिक्षकांनी तपासावी. शंकेच्या जागी वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांचा सल्ला घ्यावा.

सड्यावरची भाजी दरवर्षी पावसाबरोबर परत येते. तिची पारख असलेली पिढी मात्र परत येणार नाही. ती आपल्यात आहे तोवरच हे काम पूर्ण व्हावयास हवे.