दगडाचा ठसा, कुंचल्याची रेघ

चिनी सुलेखन म्हटलं की डोळ्यांपुढे कुंचला आणि कागद येतो. पण या कलेतल्या कितीतरी मोठ्या मंडळींनी अक्षर गिरवलं ते दगडावरून. आणि दगडही कसे, तर झिजलेले, टवके उडालेले.

बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात ढोलाच्या आकाराचे दहा दगड आहेत. छिन राज्यातले, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे. त्यांवर शिकारीची काव्यं कोरली आहेत. मधल्या काळात कुणीतरी एका ढोलाचा माथा उडवून चक्क उखळ केलं! मूळच्या सातशेहून अधिक अक्षरांपैकी आज तीनशेही उरलेली नाहीत. एका ढोलावर तर एकही नाही.

ही अक्षरं घरोघरी पोचली ती ठशांमुळे. दगडावर ओलसर कागद बसवायचा, ब्रशने ठोकून खाचांत उतरवायचा, आणि जरा सुकला की शाईची पुरचुंडी हलक्या हाताने थापत जायची. खाचेत शाई जात नाही, म्हणून काळ्यावर पांढरं अक्षर उमटतं. आपल्याकडचे शिलालेखांचे अभ्यासकही ठसे घेतात, ते वाचनासाठी. चीनमध्ये ठसा समोर ठेवून गिरवायलाही बसतात.

असा ठसा पाहताना अर्थाच्या मागे लागू नका. एकच रेघ धरा. ढोलांवरच्या रेघेची जाडी जवळपास सारखी, टोकं गोलसर. आता तिची कड बघा. टवका उडालाय तिथे पांढरं काळ्यात पसरतं. ते ना लिहिणाऱ्याचं, ना कोरणाऱ्याचं.

सुलेखनकार वू छांगश्वो (1844–1927) यांनी हे ढोल आयुष्यभर गिरवले आणि ती खडबडीत कड कुंचल्यात आणली. त्यांची रेघ जाड, दमदार. अक्षराचे डावे-उजवे भाग मुद्दाम वरखाली. त्यांनी रंगवलेल्या फुलवेलींतही तीच रेघ दिसते.

त्यांच्या आधीच, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, सुलेखनकार दगडाकडे वळू लागले होते. चौथ्या शतकातल्या वांग शीचर या महान सुलेखनकाराच्या हातचं अस्सल काहीच उरलं नव्हतं, नकलांच्या नकला तेवढ्या होत्या. शिलालेख निदान त्या-त्या काळचा तरी!

छिन्नीची करामत कुंचल्याने का गिरवायची, असा आक्षेप चीनमध्येही घेतला गेला. वू यांच्या बाबतीत मला तो पटत नाही. पण हात थरथरवून झिजेचा आव आणणारेही झाले. तसली अक्षरं दिसली, तर खुशाल पुढे जा.