आगोटीपूर्वी घराची सिद्धता



हिमालयाच्या कुशीतील शेतकरी बर्फ पडण्यापूर्वी घर सज्ज करतो, जळण आणि चारा भरून ठेवतो. शहापूर व मुरबाड तालुक्यांत थंडीचे एवढे भय नाही. पौषातल्या पहाटे शेकोटी पेटली की तिचे निवारण होते. येथे घराची खरी कसोटी लागते ती पावसाळ्यात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या भागात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तो जवळजवळ सारा चार महिन्यांतच कोसळतो. ज्या पावसाने तानसा व भातसा जलाशय भरतात आणि मुंबईची तहान भागते, तोच पाऊस पाड्यावरच्या कुडाची भिंत भिजवतो.

या भागातील ठाकूर, महादेव कोळी, वारली व कातकरी समाजांचे पारंपरिक घर म्हणजे लाकडी मेढी, कारवीचा कूड, त्यावर माती-शेणाचा गिलावा आणि वर गवत, पेंढा किंवा कौले. हे घर कमकुवत नाही. मात्र ते दरवर्षी निगा मागते. मे महिन्यात गवती छप्पर नव्याने शाकारावे लागते, कौले परतावी लागतात. भर दुपारी घरात उभे राहून वर पाहिले असता जेथे उजेडाचा ठिपका दिसतो, तेथे कौल सरकले किंवा फुटले आहे असे समजावे. वासे व रिपांना वाळवी लागली आहे काय, हे ठोकून पाहावे. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी मुरू नये म्हणून घराभोवती उताराची चर खणावी. झड ज्या बाजूने येते, त्या बाजूस गवताचा अथवा झावळ्यांचा आडोसा बांधावा. जळण भिंतीपासून दूर व उंचावर रचावे. लाकडांच्या ढिगात साप आसरा घेतो आणि मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास होतो. यास्तव शक्य तेथे खाटेवर झोपणे हीदेखील घराच्या सिद्धतेचीच एक बाब होय.

ही कामे अवघड नाहीत. अवघड आहे ती वेळ साधणे. रोहिणी नक्षत्र मेच्या अखेरीस लागते, मृग जूनच्या पहिल्या आठवड्यात. एकदा भाताची पेरणी सुरू झाली की शेतकऱ्याचे हात मोकळे राहत नाहीत. पूर्वी सावडीने ही अडचण दूर होई. आज एकाचे छप्पर, उद्या दुसऱ्याचे, अशी पाड्याची सारी घरे मृगापूर्वी शाकारून होत.

परंतु जे कुटुंब त्या वेळी पाड्यावर नसतेच, त्याचे काय? अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-कल्याण परिसरातील व अन्यत्रच्या वीटभट्ट्यांवर जातात. भट्टी चालते ती पाऊस येईपर्यंत. म्हणजे घराची डागडुजी करण्याचे दिवस आणि भट्टीचे शेवटचे दिवस एकच. सहा महिने बंद राहिलेल्या झोपडीचा कूड वाळवीने पोखरलेला असतो. चूल पेटलेली नसल्याने धूर नसतो, आणि धुराअभावी छपरात कीड होते. घरी परतलेल्या कुटुंबाच्या हाती मोजके दिवस उरतात. मग प्लास्टिकचे कापड अंथरून त्याखाली लहान मुले, बाळंतीण व म्हातारी माणसे पावसाळा काढतात. बियाणे भिजते, धान्याला बुरशी येते आणि आजारपण पाठोपाठ येते.

शासनाच्या घरकुल योजना या स्थितीवरील कायमचा उपाय होत. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ अभियानात कातकरी समाजाचा समावेश असून त्यात घरासाठी २ लाख रुपयांचे साहाय्य ठरविण्यात आले. मात्र अनेक वाड्यांत घराखालची जागा कुटुंबाच्या नावावर नाही, आणि जागेवाचून घरकुल उभे राहत नाही. तो प्रश्न कागदोपत्री सोडविणे हे पंचायतीचे व महसूल खात्याचे काम आहे. शिवाय, सपाट छताचे पक्के घरही निगेवाचून गळते. छतावरील पालापाचोळा काढणे, पाण्याची वाट मोकळी ठेवणे व भेगा बुजविणे ही कामे तेथेही मेमध्येच करावी लागतात.

१ मे रोजी भरणाऱ्या ग्रामसभेत या विषयास स्थान द्यावे. पाडानिहाय घरांची पाहणी करून कोणते कुटुंब स्थलांतरित आहे, कोणत्या घरी बाळंतीण, अपंग वा एकटी वृद्ध व्यक्ती आहे, याची यादी करावी. अशी घरे तरुण मंडळांनी व बचत गटांनी प्रथम हाती घ्यावीत. शिक्षकांना ही कुटुंबे नावानिशी ठाऊक असतात, कारण दिवाळीनंतर त्यांचीच मुले वर्गातून दिसेनाशी होतात. त्यामुळे यादीचे निम्मे काम हजेरीपटच करून देतो. घर पडल्यावर पंचनामा होतो, मदतही मिळते. परंतु पडण्यापूर्वीचे दोन दिवसांचे श्रम त्याहून स्वस्त पडतात आणि त्यात जीव वाचतो.

अर्थात प्रत्येक संकट डागडुजीने टळत नाही. पुणे जिल्ह्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी आणि रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी येथे १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, तेव्हा शाकारलेले आणि न शाकारलेले घर असा भेद उरला नाही. डोंगरउतारावर नव्या भेगा दिसणे, झाडे कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे ही लक्षणे आढळताच वस्ती हलविणे हाच मार्ग होय. शाळा वा समाजमंदिर त्यासाठी आधीच निश्चित करावे व त्याचेही छप्पर मेमध्येच तपासावे.

पाऊस या तालुक्यांचे वैभव आहे. तो प्रत्येक उंबरठ्याबाहेरच थांबावा, एवढी व्यवस्था मृगाच्या आधी करणे गावाच्या हाती आहे.