कडी गंजली म्हणून शौचालय बंद पडू देऊ नका



मी आंबिवलीहून बोलते आहे. आंबिवली महापालिकेत येते, पण आजूबाजूची गावं अजून गावंच आहेत. मोहने, आटाळी, वडवली, बल्याणी या भागात बचत गटांच्या कामासाठी माझं रोजचं फिरणं असतं. बैठकीत आपण हप्त्यांवर बोलतो, कर्जावर बोलतो, मुलींच्या शिक्षणावर बोलतो. आजचा माझा विषय मात्र बैठकीत कुणी सहसा काढत नाही. विषय आहे शौचालयातलं गंजलेलं लोखंड. दाराची कडी, बिजागऱ्या, नळ, कमोडचे नट-बोल्ट. हसू नका. आधी एक गोष्ट ऐका.

गेल्या श्रावणात दुपारी आमची बैठक चालू होती. गटातल्या एका वहिनींच्या सासूबाई तेवढ्यात घरामागच्या शौचालयात गेल्या. पत्र्याचं दार, लोखंडी कडी. आजींनी कडी लावली ती लावलीच. गंजामुळे दांडा कोयंड्यात असा अडकला की आतून सरकेना. मुलगा लोकलनं कामाला गेलेला, नातवंडं शाळेत आणि सून माझ्यासमोर हजेरीवर सही करत बसलेली. जवळजवळ तासभर आजी दार वाजवत होत्या. शेवटी शेजारच्या मुलानं पत्रा वाकवून त्यांना बाहेर काढलं.

खरा त्रास पुढेच आहे. आजींनी त्यानंतर कडी लावणं सोडलं. दार सुतळीनं बांधून बसू लागल्या. मग तेही नको वाटलं. पहाटे अंधारात घरामागच्या झाडीत जाऊ लागल्या. दिवसा जावं लागू नये म्हणून पाणी पिणं कमी केलं. महिन्याभरात लघवीला जळजळ, अंगात ताप, डॉक्टर, औषधं. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, “मना नको त्या कडीचा भरवसा, गो बाय.”

घरात शौचालय होतं, भांडं चांगलं होतं, पाणीही होतं. एका कडीमुळे ते शौचालय त्या घरातल्या बाईसाठी नसल्यासारखं झालं. वयात आलेली मुलगी असो, बाळंतीण असो की म्हातारी, दार नीट लागत नसेल आणि नीट उघडत नसेल तर ती आत जायला कचरते. पुरुषाचं त्यावाचून अडत नाही, म्हणून दुरुस्ती ‘नंतर बघू’वर जाते.

२ ऑक्टोबर २०१४ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं. गावोगावी बारा हजारांच्या अनुदानावर शौचालयं उभी राहिली. त्यांतल्या कितीतरी शौचालयांना आता दहा वर्षं होत आली किंवा होऊन गेली. भिंती उभ्या आहेत, पण दारं, कड्या, नळ यांचं वय झालं आहे. नवीन शौचालय बांधायला योजना असते. जुन्याची कडी बदलायला आपल्यालाच उठावं लागतं.

आता हे उठणं कसं, ते सांगते. आधी माझी चूक सांगते, कारण मी हे ठेच लागूनच शिकले. माझ्या आईच्या गुडघ्यांसाठी आम्ही घरात कमोड बसवलं होतं. त्याच्या सीटचे बोल्ट गंजले आणि सीट हलायला लागली. मला वाटलं, दोन बोल्ट तर काढायचे आहेत. पाना लावला, फिरेना. पान्याला लांब पाइप अडकवून जोर केला, तरी फिरेना. मग हातोडी घेतली. तिसऱ्या घावाला बोल्ट तसाच राहिला आणि भांड्याला तडा गेला. एका बोल्टापायी नवीन भांडं, फोडलेली फरशी, गवंड्याची मजुरी आणि आठ दिवस आईची गैरसोय.

माझी ही फजिती ऐकून मोहन्यातले एक काका खूप हसले. हे काका एनआरसी कंपनीत फिटर होते. आमच्या भागात एनआरसी म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही. रेयॉनचा धागा बनवणारी ही मोठी कंपनी २००९ साली बंद झाली. काका म्हणाले, “रेयॉनच्या कामात ॲसिड लागतं. ॲसिडच्या वाफेत लोखंड कसं खातं, ते मी रोज पाहिलंय. गंजलेल्या नटाशी भांडायचं नसतं, पोरी. त्याला तेल पाजायचं आणि रात्रभर झोपू द्यायचं.”

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं एवढं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल. तेल पाजायचं आणि थांबायचं.

असं का, ते बघा. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज चढतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये तो फुगून बसतो, म्हणून नट जाम होतो. वरून नुसता जोर लावला तर गंज सुटत नाही, आटे जातात किंवा भांडं फुटतं. पातळ तेल मात्र हळूहळू आट्यांमध्ये झिरपतं आणि गंजाची पकड ढिली करतं. झिरपायला वेळ लागतो, एवढंच.

आता कामाचा क्रम सांगते.

पहिलं म्हणजे पाणी बंद करा. कडी-बिजागरीचं काम असेल तर प्रश्न नाही, पण नळाचं किंवा फ्लशच्या टाकीचं असेल तर आधी वरच्या टाकीचा वॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. दार-खिडकी उघडी ठेवा. जागा साध्या पाण्यानं धुऊन कोरडी करा.

दुसरं, वरवरचा गंज काढा. तारेचा ब्रश असेल तर उत्तम, नाहीतर जुना टूथब्रश आणि सँडपेपर चालतो. स्क्रूच्या डोक्यावरची खाच गंजानं भरलेली असते. ती दाभणानं टोकरून मोकळी करा, नाहीतर स्क्रू ड्रायव्हर घसरतो आणि खाचच जाते.

तिसरं, तेल. हार्डवेअरच्या दुकानात गंज सोडवणारा स्प्रे मिळतो. तो नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल वापरा, ते आपल्या अनेक मैत्रिणींकडे असतंच. काहीजणी रॉकेल वापरतात. तेही चालतं, पण मग उदबत्ती, चूल, विडी जवळ नको. नटाच्या कडेला चार थेंब सोडा. संध्याकाळी एकदा, झोपायच्या आधी एकदा. सकाळी काम करा.

चौथं, सोडवणं. नटाला छोट्या हातोडीनं हलक्या टिचक्या द्या, घाव नको. चिनी मातीच्या भांड्याजवळचा नट असेल तर टिचक्याही नकोत, तेलावरच भिस्त ठेवा. मग नट सोडायच्या आधी किंचित आवळून बघा. ऐकायला उलटं वाटतं, पण त्यानं गंजाचा थर तुटतो. मग सोडा. पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा मागे. अडला की पुन्हा तेल. नटाच्या समोरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं फिरवल्यावर तो सुटतो. कमोडच्या सीटचा नट भांड्याच्या खाली असतो, म्हणून खाली वाकून दिशा ठरवा. वरून पाहून ठरवाल तर सोडायच्या ऐवजी आवळत बसाल. बोल्टचं डोकं वरून स्क्रू ड्रायव्हरनं धरून ठेवा, म्हणजे दोन्ही एकदम फिरणार नाहीत.

एवढं करूनही सुटला नाही, तर कापायचा. हॅक्सॉचं नुसतं पातं घ्या, एका टोकाला जाड फडकं गुंडाळा म्हणजे मूठ तयार झाली. भांड्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा, म्हणजे चरे पडणार नाहीत. नट आणि भांडं यांच्यामधल्या वायसरच्या जागी पातं घालून सावकाश कापा. डोळ्यांवर चष्मा हवा. बारीक लोखंड डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, दवाखाना गाठायचा.

दाराच्या कडीचंही असंच. दांडा कोयंड्यात अडकला असेल तर तेल सोडा, दुसऱ्या दिवशी लाकडाचा तुकडा मध्ये धरून हळूच ठोका. कडी नट-बोल्टची असेल तर आपण बदलू शकतो. पत्र्याला वेल्डिंग केलेली असेल तर ते फॅब्रिकेशनवाल्याचं काम.

काही कामं आपली नाहीत, हेही सांगते. भिंतीतल्या लोखंडी पाइपाला लावलेला नळ फार गंजला असेल तर त्याच्याशी एकटीनं झटू नका. आतला तुकडा भिंतीत मोडला तर भिंत फोडावी लागते. तिथे प्लंबर बोलवा. आणि सेप्टिक टँकच्या झाकणाची कडी गंजून तुटली असेल तर झाकण उघडून आत डोकावू नका, आत उतरणं तर नाहीच. टाकीतला वायू माणसाला क्षणात बेशुद्ध पाडतो. नवीन झाकण बसेपर्यंत त्या जागेवर जड फळी टाका आणि लेकरांना लांब ठेवा.

आता महत्त्वाचं. गंज काढायला म्हणून ॲसिड ओतू नका. ॲसिडनं डाग जातो, पण त्याच्या वाफेनं शेजारची कडी, बिजागरी, नळ जास्त वेगानं गंजतात. खरं तर आपल्या शौचालयातला निम्मा गंज आपणच बाटलीतून ओतलेला असतो. भांडं साफ करायचं ॲसिड वापरलंच, तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि दार उघडं ठेवा. आणि ॲसिडमध्ये टीसीएल पावडर कधीच, कधीच मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. लहानशा बंद खोलीत तो जिवावर बेततो. एक आज वापरलं तर दुसरं त्याच वेळी तिथे नको.

काम करताना हात कापला तर साबण-पाण्यानं जखम स्वच्छ धुवा आणि आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. धनुर्वाताचे जंतू गंजात तयार होत नाहीत. ते माती आणि शेणात असतात. पण घरामागच्या शौचालयात माती सगळीकडेच असते.

नवीन सामान घेताना ओढणीला एक छोटं लोहचुंबक बांधून जा. चकाकणारं सगळंच स्टील नसतं. वरून चकाकी दिलेल्या लोखंडाला चुंबक घट्ट चिकटतं. चांगल्या गंजरोधक स्टीलला ते चिकटत नाही किंवा अगदी हलकं धरतं. पितळेला चिकटत नाही. कमोडच्या सीटला प्लास्टिकचे नट-बोल्ट मिळतात, ते गंजतच नाहीत. बसवताना आट्यांना थोडं ग्रीस किंवा व्हॅसलिन लावा, वायसर विसरू नका. हातानं आवळा आणि पान्यानं फक्त पाव फेरा. पुढच्या वेळी तुमचीच मुलगी तो नट सहज सोडवेल.

हे सगळं सामान एकटीनं घ्यायची गरज नाही. आमच्या गटानं एक पेटी केली आहे. त्यात एक स्क्रू पाना, एक पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी, हॅक्सॉचं पातं, तारेचा ब्रश, तेलाची कुपी आणि चष्मा आहे. वहीत सही करून पेटी न्यायची आणि पुसून परत आणायची. शौचालयाच्या दुरुस्तीसाठी अंतर्गत कर्जातून छोटी रक्कम द्यायचाही आम्ही ठराव केला. आधी एकदोघी म्हणाल्या, “यातून उत्पन्न काय?” त्यावर आजींच्या सुनेनं औषधांचा खर्च वाचून दाखवला. पुढे कुणी काही बोललं नाही.

त्या पेटीतलं पहिलं काम आजींच्याच दाराचं झालं. संध्याकाळी तेल सोडलं, सकाळी चार नट काढले. पाचवा कापावा लागला. नवीन कडी स्टीलची बसवली. बिजागऱ्याही बदलायच्याच होत्या, तेव्हा दार बाहेर उघडेल असं केलं. म्हातारं माणूस आत पडलं तर आत ढकलायचं दार त्याच्याच अंगावर अडतं, म्हणून. काम झाल्यावर आजींनी सुनेला आत उभं केलं आणि कडी दहा वेळा लावून उघडायला सांगितली. स्वतः बाहेर उभ्या राहून मोजत होत्या. मग म्हणाल्या, “आता तू बाहेर हो.”

मैत्रिणींनो, हा कार्यक्रम संपला की एक काम करा. आपल्या शौचालयाची कडी लावून बघा. करकरली, अडली, हाताला तांबडी भुकटी लागली, तर आज रात्रीच चार थेंब तेल सोडा. पावसाळ्यात गंज झपाट्यानं वाढतो, म्हणून मोठी दुरुस्ती मृग लागायच्या आधी उरका. आणि घरात आजी असेल तर तिला विचारा, “दार नीट लागतं ना?” ती आपणहून सांगणार नाही.