बरोबरच्या दोन्ही बाजू

सहावी ते आठवीतली मुलं आणि त्यांचा अभ्यास घेणारे आईवडील, आजी-आजोबा, आज मला मुख्यतः तुमच्याशी बोलायचं आहे. विषय आहे साधी समीकरणं, एका पायरीत सुटणारी. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर जवळ घ्या.

लिहा: ८ अधिक ४ बरोबर, मग एक रिकामा चौकोन, आणि त्यापुढे अधिक ५. चौकोनात कोणती संख्या येईल? घरातल्या चौथी-पाचवीतल्या मुलाला विचारून पाहा. पुष्कळ मुलं बेधडक १२ लिहितात. त्यांची बेरीज चुकलेली नसते, ८ आणि ४ बाराच होतात. पण पुढचे ५ त्यांच्या हिशेबात येतच नाहीत. पहिलीपासून बरोबरचं चिन्ह त्यांनी उदाहरणाच्या शेवटीच पाहिलेलं असतं. त्यामुळे ‘बरोबर’ म्हणजे ‘आता उत्तर लिही’ ही समजूत मनात घट्ट बसते. चौकोनात यायला हवेत ७. डावीकडे १२ आहेत, तेव्हा उजवीकडेही १२च झाले पाहिजेत.

हे चिन्ह पहिल्यांदा छापलं गेलं १५५७ साली, वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्डच्या पुस्तकात. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा त्यानं निवडल्या आणि कारणही दिलं, की यांच्याइतक्या सारख्या दुसऱ्या दोन वस्तू सापडणार नाहीत. उत्तराची खूण म्हणून हे चिन्ह जन्मलंच नव्हतं.

आता समीकरणाकडे येऊ. क्ष अधिक ७ बरोबर १२. वाण्याच्या दुकानातला जुना, दोन पारड्यांचा तराजू डोळ्यांपुढे आणा. एका पारड्यात बंद पुडी आणि ७ वजनं, दुसऱ्यात १२ वजनं, आणि काटा मधोमध. पुडीत किती आहे ते कळायला हवं, म्हणजे पुडी एकटी राहिली पाहिजे. तिच्या शेजारची ७ वजनं काढली तर पारडं वर जाईल. म्हणून दुसरीकडचीही ७ काढायची. काटा पुन्हा मधोमध. क्ष बरोबर ५. एका पायरीचं समीकरण म्हणजे एवढंच: अज्ञात संख्येला जे केलं गेलंय त्याच्या उलट करायचं, आणि दोन्ही बाजूंना करायचं. मिळवलं असेल तर वजा, वजा केलं असेल तर मिळवा, गुणलं असेल तर भागा, भागलं असेल तर गुणा. क्ष भागिले ६ बरोबर ९ असेल, तर दोन्हीकडे ६ ने गुणा. क्ष बरोबर ५४.

इथे मला एका सवयीबद्दल कळकळीनं बोलायचं आहे. ‘संख्या पलीकडे नेली की चिन्ह बदलतं’ असं आपण मुलांना शिकवतो. मुलं ते पाठ करतात आणि पहिली दहा उदाहरणं पटापट सुटतात. मग ४ क्ष बरोबर २० समोर येतं. मूल ४ पलीकडे नेतं, चिन्ह बदलतं आणि लिहितं: क्ष बरोबर १६. या मुलाला आपण दोष देतो, पण त्यानं शिकवलेला नियमच इमानानं वापरलेला असतो. चारानं इथे क्षला गुणलेलं आहे, मिळवलेलं नाही. दोन्ही बाजूंना ४ ने भागायचं, असं त्याला सांगितलं असतं तर क्ष बरोबर ५ आलं असतं. संख्या कुठे पलीकडे जात नाही. दोन्ही बाजूंना एकच क्रिया केल्यावर ती एका बाजूला दिसेनाशी होते, इतकंच. पुढे सराव झाल्यावर मुलं आपोआप ‘पलीकडे’ न्यायला लागतात, तेव्हा नेऊ द्यावं. पण सुरुवात तिथून करणं मला चुकीचं वाटतं.

अशीच एक अडचण ५ क्ष बरोबर ३ इथे येते. मुलं थांबतात. तिनाला पाचानं भाग जात नाही म्हणतात, किंवा मोठ्या संख्येला लहान संख्येनं भागून ५ छेद ३ लिहून मोकळी होतात. उत्तर आहे ३ छेद ५. अज्ञात संख्या पूर्णांकच असली पाहिजे असं कुठेही ठरलेलं नाही. तसंच, क्ष अधिक ९ बरोबर ४ असेल तर क्ष उणे ५ असतो, यात गडबड काहीच नाही. उणे संख्यांचे नियम ब्रह्मगुप्तानं ६२८ सालीच ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ या ग्रंथात मांडले होते.

आणि एक पथ्य: दोन्ही बाजूंना शून्यानं गुणू नये. शून्य बरोबर शून्य उरतं, ते खरंही असतं, पण क्ष हरवतो. शून्यानं भागणं तर अशक्यच.

मुलांचा एक प्रश्न रास्त असतो. २०० रुपये घेऊन बाजारात गेलो, भाजी घेतली, ६५ उरले, भाजी १३५ची. हे तोंडी येतं, मग समीकरण कशाला मांडायचं? कारण तोंडी हिशेब एक-दोन उलट्या क्रियांपर्यंत पुरतो. त्यापुढे कागद लागतो. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’चा पहिला भाग म्हणजे ‘लीलावती’. तिच्यात या उलट जाण्याला ‘व्यस्तविधी’ असं नाव आहे. याच आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण गावी आहे.

‘लीलावती’तलं एक उदाहरण माझ्या शब्दांत सांगते. एका संख्येला ३ ने गुणलं. आलेल्या गुणाकारात त्याचाच तीन चतुर्थांश मिळवला. ७ ने भागलं. भागाकारातून त्याचाच एक तृतीयांश वजा केला. उरलं त्याचा वर्ग केला. ५२ वजा केले. वर्गमूळ काढलं. ८ मिळवले. १० ने भागलं. शेवटी २ उरले. मूळ संख्या कोणती?

शेवटाकडून निघा. १० ने भागून २ आले, म्हणजे आधी २० होते. ८ मिळवलेले काढा, १२. वर्गमूळ काढलं होतं, म्हणून आता वर्ग, १४४. त्यात वजा केलेले ५२ मिळवा, १९६. वर्ग केला होता, म्हणून वर्गमूळ, १४. प्रत्येक पायरी म्हणजे आपण आत्ता पाहिलेलं एकेक साधं समीकरण, त्याहून अवघड काही नाही. पुढच्या पायरीला मात्र जपून. एक तृतीयांश गेल्यावर १४ उरले आहेत, म्हणजे १४ हा आधीच्या संख्येचा दोन तृतीयांश आहे. त्यात १४ चाच एक तृतीयांश मिळवून भागणार नाही.

इथून पुढचं आज रात्री मुलांना बरोबर घेऊन सोडवा. उत्तर २८ येतं. ते आलं की तिथेच थांबू नका. २८ घेऊन पहिल्यापासून सगळ्या क्रिया करा आणि शेवटी २ येतात का, याचा ताळा मुलांना स्वतःच्या हातानं करू द्या.