मामाचं इंजिन

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला 'माझा छंद' हा विषय दिला आहे. खरं सांगायचं तर छंद मला कधी नव्हता. बँकेत सगळी नोकरी लोकांच्या सह्या पडताळण्यात गेली. पण या टेबलावरच्या पितळी इंजिनाची ओळख पटवण्यात गेलं वर्ष गेलं, तेव्हा त्याचंच सांगतो.

हे माझ्या मामानं केलं. मामा रेल्वेत फिटर. आधी कुर्डुवाडी, मग नेरळ, शेवटी कल्याण. ड्यूटीवरून आला की कानस घेऊन बसायचा. तो गेल्यावर मामीनं ते मला दिलं आणि मी ते माळ्यावर टाकलं. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत खाली काढलं, तर चिमणी वाकलेली, एका बाजूचा दांडा तुटलेला, वरचा घुमट गायब. त्यावर नाव नाही, नंबर नाही. म्हटलं, आता याचं केवायसी करायचं कसं?

बी विंगमधले एक जण म्हणाले, दार्जिलिंगचं दिसतंय. आम्ही चाकं मोजली. दार्जिलिंगच्या त्या प्रसिद्ध इंजिनाला चार, याला सहा. मग माप घेतलं. दोन चाकांमधलं अंतर बरोबर दोन इंच, एक सूतसुद्धा जास्त नाही. पण कितीचे दोन इंच? इथे नातवानं डोकं चालवलं. म्हणाला, आजोबा, ड्रायव्हर तर माणसाएवढाच असणार ना? केबिनच्या दाराची उंची भरली पावणेसहा इंच. म्हणजे एका फुटाला एक इंच, आणि रूळ दोन फुटी. कुर्डुवाडीची बार्शी लाइट अडीच फुटी होती, कल्याणची मोठी लाइन साडेपाच फुटी. उरलं नेरळ.

तरी एक गोष्ट बसेना. पुढची आणि मागची चाकांची जोडी डावी-उजवीकडे हलत होती. मला वाटलं, झिजलंय. डाख देऊन पक्कं करायला मी निघालोच होतो. ए विंगमधले आपले निवृत्त टर्नर काका म्हणाले, "साहेब, थांबा. मधली जोडी घट्ट आहे. झिजली असती तर तिन्ही झिजली असती." त्यांचं ऐकलं म्हणून वाचलो.

पुढे मुलीकडे दिल्लीला गेलो, तेव्हा राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात माथेरानचं इंजिन पाहिलं. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीचं. तीच सहा चाकं, तसेच चाकांच्या बाहेरून जाणारे दांडे. नेरळ-माथेरान गाडी 1907 साली सुरू झाली. सुमारे 20 किलोमीटरचा घाट, काही ठिकाणी 20 फुटांना 1 फूट चढ, आणि वळणं अशी की सरळसोट सहाचाकी इंजिन अडकून बसावं. म्हणून या इंजिनांच्या पुढच्या-मागच्या चाकांचा आस पोकळ नळीसारखा केलेला. आत दुसरा आस, मध्ये गोळ्याचा सांधा. त्यामुळे वळणावर चाकं थोडी तिरकी होतात, बाजूला सरकतात आणि तरी फिरत राहतात. मामानं ते सगळं हातानं, एवढ्याशा पितळेत बसवलं होतं. आणि मी ते डाखणार होतो!

राहिला घुमट. त्याचं कोडं नव्हतं, तो कुठे गेला ते मला ठाऊक होतं. साधारण दहा वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे होतो. तो घुमट पिरगाळून काढला आणि भंगारवाल्याला चार आण्यांना विकला. पतंग घ्यायला. संध्याकाळी मामानं त्या भोकावर अंगठा ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वाफ साठणार कुठे रे आता?" बस. आईला सांगितलं नाही. पण नवा घुमट त्यानं कधी बसवलाही नाही, आणि मी कधी कबूल केलं नाही. आज इतक्या लोकांसमोर पहिल्यांदाच बोलतोय.

टर्नर काकांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर पितळी सळईतून नवा घुमट काढला. दांड्याला चांदीचा डाख दिला, चिमणी तापवून सरळ केली. मजुरी विचारली तर रागावले. हिनं चिंच-मीठ लावून घासायला घेतलं होतं, ते मात्र अर्ध्यात थांबवलं. म्हणून एक बाजू चकचकीत आणि दुसरी काळपट दिसतेय. असू द्या. नवा घुमट वेगळा ओळखू येतो, तोही तसाच ठेवलाय.

कार्यक्रम संपेपर्यंत इंजिन इथेच आहे. मुलांनो, हात लावा, ढकलून बघा. फक्त चाकं हलतात म्हणून कोणी घट्ट करायला जाऊ नका.